ऑर्डर आली, आता लेकीला घरी आणायचं

या महिन्यात परदेशात राहणाऱ्यांची पत्रं जास्त आली आणि त्यातली बरीचशी एकाच विषयावर, म्हणजे इथल्या संस्थेतून मूल दत्तक घेतलंय किंवा घेतोय आणि आता त्याला घरी न्यायची वेळ जवळ आलीये. म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच दिलीये, बाकीच्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा. मी स्वतः २०११ साली याच वाटेने गेलेय, तेव्हा आम्ही न्यू जर्सीत होतो, आता पुण्यात आहोत. लेक हे सदर छापायच्या आधी वाचते, त्यामुळे तिच्याबद्दल खाली जे काही आहे ते तिला विचारूनच लिहिलंय (एक किस्सा तिने खोडला, तो चांगला होता).

ताई, नमस्कार. आम्ही दोघं एडिसनला राहतो, मूळचे सांगली आणि ठाणे, दोघंही आता अमेरिकन सिटिझन. होम स्टडी म्हणजे घराची पाहणी, मग वाट बघणं, मग रेफरल म्हणजे लेकीची माहिती येणं, मग कारा म्हणजे केंद्राच्या दत्तक यंत्रणेची एनओसी असं करत करत गेल्या आठवड्यात कळलं की कलेक्टरांची दत्तकाची ऑर्डर निघाली. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी राहून रडले. लेक साडेतीन वर्षांची आहे, सोलापूरकडच्या एका संस्थेत, व्हिडिओ कॉलवर आम्हाला बघितलं की मावशींच्या पदरामागे लपते. नवरा म्हणतो ऑर्डर आहे ना हातात, मग अजून कसले कागद, काढ तिकिटं. एजन्सी म्हणते थांबा. खोली तयार आहे, भिंती गुलाबी केल्यात, बेड, खेळणी, सगळं आलंय. तरी पोटात गोळा येतो. काय काय राहिलंय ते सांगाल का, कागदांचंही आणि बाकीचंही?

आधी अभिनंदन गं. पार्किंगमधलं रडणं मला पाठ आहे, माझं सुपरमार्केटच्या बिलाच्या रांगेत झालं होतं, हातात दुधाचे दोन कॅन आणि मागचा माणूस विचारतोय आर यू ओके.

नवऱ्याला सांग की ऑर्डर म्हणजे अक्षता पडल्या, पाठवणी अजून व्हायचीये. आमच्या वेळी कोर्टाची ऑर्डर लागायची, तारखांवर तारखा, आता १ सप्टेंबर २०२२ पासून बदललेल्या कायद्याने जिल्हाधिकारी ऑर्डर काढतात. त्यानंतरचा क्रम मात्र तसाच आहे. ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी संस्थेकडे येते, त्यावरून नवा जन्मदाखला निघतो ज्यात आईवडील म्हणून तुमची नावं असतात, दाखल्यावरून भारतीय पासपोर्ट, आणि त्याच सुमारास कारा तुम्हाला कॉन्फर्मिटी सर्टिफिकेट देते, हेग करार म्हणजे देशादेशांतल्या दत्तकाचा जो आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या कलम २३ खालचं. हे दत्तक दोन्ही देशांच्या नियमात बसतं असं सांगणारा तो एक कागद आहे आणि तो नसेल तर अमेरिकन एम्बसी पुढे सरकतच नाही. अमेरिकन इमिग्रेशनकडचे दोन अर्ज, तुमचा आय-८००ए आणि लेकीसाठीचा आय-८००, आधी होऊन गेलेले असणारच, नाहीतर गाडी एनओसीपर्यंत आलीच नसती. आता राहिली व्हिसाची मेडिकल, दिल्लीला एम्बसीत इंटरव्ह्यू आणि मग आयएच-३, म्हणजे दत्तक इथेच पूर्ण झालेल्या मुलाचा व्हिसा.

यातली एक गोष्ट अनुभवाची सांगते, प्रत्येक कागद आला की फोटो मागव आणि स्पेलिंग अक्षर अक्षर लावून बघ. आमच्या आडनावात एका कागदावर व्ही आणि दुसऱ्यावर डब्ल्यू पडला, ज्या ऑफिसात चूक झाली तिथले साहेब म्हणाले की उच्चार तर एकच आहे ना मॅडम. उच्चार एकच होता, पण त्या एका अक्षरापायी आमचे एकोणीस दिवस गेले. तिचं नाव, तुमची नावं, जन्मतारीख, सगळीकडे तंतोतंत सारखं पाहिजे, मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असंही चालत नाही.

दुसरं, परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढ, महाग पडलं तरी. कारण मेडिकलमध्ये दोन वर्षांवरच्या मुलांची टीबीसाठी रक्ततपासणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर एक्सरे, आणि एक्सरेत काही दिसलं तर थुंकी कल्चरला जाते, त्या कल्चरला आठ आठवडे लागतात. बहुतेक मुलांचं एवढं लांबत नाही, पण ज्यांचं लांबतं त्यांचे हाल मी बघितलेत, एकाची रजा संपलेली, दुसरा दिल्लीत सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये मूल घेऊन बसलेला. आत्ताच ठरवून ठेवा की वेळ आलीच तर थांबणार कोण. लसींचं टेन्शन घेऊ नका, दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांना व्हिसाआधी सगळ्या लसी पूर्ण करण्यातून सूट मिळते, तिकडे गेल्यावर देऊ असं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं.

आणि नवऱ्याचा तो प्रश्न, एवढे कागद कशाला. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं की परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होतायत, कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, त्यातून परदेशी दत्तकाचे नियम आले, पुढे कारा आली. मूल हरवलेलं तर नाही ना, आईकडून कुणी फसवून तर घेतलं नाही ना, हे बघायला हे कागद आहेत. तुझी लेक उद्या सोळा वर्षांची होऊन विचारेल की मला नक्की रीतसर दिलं होतं ना, तेव्हा ही फाईल तिच्यासमोर ठेवता येते. माझ्या लेकीने मागितली होती. दोन तास वाचत बसली होती. त्यामुळे चिडचिड होईल तेव्हा होऊ दे, पण प्रत्येक कागदाची एक कॉपी तिच्या नावाच्या फाईलला लाव.

आता बाकीचं, आणि मला खरं बोलायचंय ते यावर. तुम्ही चार भिंती गुलाबी केल्यात ते छान आहे, पण साडेतीन वर्षांचं मूल जे संस्थेत वाढलंय ते आयुष्यात एकही रात्र एकटं झोपलेलं नसतं. एका ओळीत दहा-बारा पोरं, वर ट्यूबलाइट किंवा झिरोचा बल्ब, पंख्याचा आवाज, कुणीतरी खोकतंय, कुणीतरी रडतंय, मावशी कुणालातरी थोपटतायत. तिच्यासाठी ती झोपेची खोली. तुमच्या शांत, अंधाऱ्या, कार्पेटवाल्या खोलीत ती घाबरून उठेल. तिचा बेड उचलून तुमच्या बेडला लावा, निदान पहिले काही महिने, दिवा लावून ठेवा, थंडी असली तरी टेबलफॅन आवाजापुरता भिंतीकडे तोंड करून चालू ठेवा. आमच्याकडे जानेवारीत फॅन चालू असायचा आणि नवरा स्वेटर घालून झोपायचा.

संस्थेत जाशील तेव्हा घाई करू नकोस. शक्य असेल तर चार-पाच दिवस रोज जा, तिच्यासोबत बस, मावशी तिला कशी भरवतात, कशी आंघोळ घालतात, केसांना कुठलं तेल लावतात, झोपवताना काय म्हणतात ते बघ. मावशींची परवानगी घेऊन त्यांचं थोपटतानाचं गाणं फोनवर रेकॉर्ड कर. ती रोज वापरते ती चादर किंवा गोधडी मागून घे, बदल्यात दोन नवीन दे, आणि कृपा करून ती धुऊ नकोस. मी धुतली. छान वासाचं लिक्विड टाकून, प्रेमाने. पोरीने ती हुंगली आणि बाजूला टाकली, आणि त्या रात्री जी रडली ती पहाटे चारपर्यंत, मला तेव्हा कळलंच नाही की मी काय केलं.

शब्द विचारून घे. शू-शीला काय म्हणते, पाण्याला काय म्हणते, लागलं तर काय म्हणते. सोलापूरकडची बोली आणि तुझी ठाण्याची किंवा नवऱ्याची सांगलीची यात फरक आहेच, आमची पोर पहिल्यांदा काही मागायची तर तिचे अर्धे शब्द आमच्या डोक्यावरून जायचे आणि ती पाय आपटायची. तुम्ही घरात मराठी बोलता की इंग्रजी मला माहीत नाही, पण इंग्रजी असेल तर आत्तापासून बदला. आजूबाजूची सगळी दुनिया बदलणार आहे तिची, भाषा तेवढी ओळखीची राहू दे. इंग्रजी ती डेकेअरमध्ये सहा महिन्यांत उचलेल, त्याची काळजी नको. मराठी तेवढ्याच वेगाने जाते आणि एकदा गेली की परत आणायला फार कष्ट पडतात, हे मात्र लक्षात ठेव.

खाण्याचं. संस्थेत बहुतेक मऊ खाणं असतं, वरण-भात कालवून, खिचडी, पेज, दुधात बुडवलेलं बिस्किट, एका मावशींना आठ तोंडं भरवायची असतात त्यामुळे घास पटापट जातो. चावायची सवय कमी असते. पहिला महिना तिच्या ताटात तेच दे, भात, साधं वरण, मेतकूट, नाचणीची पेज, पोळी दुधात कुस्करून, आणि तुझे ब्लूबेरीज आणि अॅव्होकाडो नंतर. अजून एक, ती खाणं लपवेल. उशीखाली पोळीचा तुकडा, खिशात बिस्किट, काहीही. रागावू नका, काढूनही टाकू नका तिच्यासमोर. तिच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, त्यात राजगिऱ्याचे लाडू, मनुका, पार्ले-जी, आणि तिला सांगा हा तुझा डबा, हा कधीच रिकामा होणार नाही. आणि खरंच होऊ देऊ नका, एकदाही. आमचा डबा दोन वर्षं चालला.

नवऱ्यासाठी वेगळा परिच्छेद, त्याला वाचायला दे. दादा, ती तुझ्याकडे येणार नाही. संस्थेत सांभाळायला सगळ्या बायका, पुरुष म्हणजे फार तर वॉचमन आणि इंजेक्शन देणारा डॉक्टर. तू जवळ गेलास की किंचाळेल, तुझ्या आवाजाला घाबरेल, आईला चिकटून बसेल आणि तुला वाटेल माझं काय चुकलं. काही चुकलेलं नाही. जमिनीवर बस, तिच्यापेक्षा बुटका दिसशील असा, तिच्याकडे बघू नकोस, काहीतरी खेळत बस, खाणं तुझ्या हातून जाऊ दे. आमच्याकडे अकराव्या आठवड्यात तिने स्वतःहून बाबाच्या चपला आणून त्याच्यासमोर ठेवल्या, म्हणजे चल बाहेर. तो माणूस त्या चपला अजून टाकत नाही.

विमानात पंधरा-सोळा तास, तीही जन्मात पहिल्यांदा. त्याआधी गाडीची सवय कर, बरीच मुलं गाडीत बसलेलीच नसतात आणि पहिल्या अर्ध्या तासात उलटी करतात, सोलापूर ते पुणे या प्रवासातच कळेल. कपड्यांचे तीन जोड तिचे आणि एक तुझा जास्तीचा, हे सगळे सांगतात, तुझाच आपण विसरतो. एम्बसीने सीलबंद पाकीट दिलं तर ते उघडायचं नाही, सामानात टाकायचं नाही, हातातल्या बॅगेत ठेवायचं आणि उतरल्यावर इमिग्रेशनलाच द्यायचं. तिकडे पाऊल ठेवलं की आयएच-३ वर आलेलं मूल कायद्याने अमेरिकन नागरिक होतं आणि सिटिझनशिप सर्टिफिकेट पोस्टाने घरी येतं, वेगळा फॉर्म नाही. मग सोशल सिक्युरिटी, अमेरिकन पासपोर्ट, भारतीय पासपोर्ट सरेंडर, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड), हे सावकाश. दत्तकाच्या खर्चाची बिलं जपा, टॅक्स क्रेडिट मिळतं (२०२५ साठी मर्यादा १७,२८० डॉलर, उत्पन्न फार जास्त असेल तर कमी होतं). आणि दोन वर्षं रिपोर्ट जातात काराकडे, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, ते टाळू नका, तुमच्यामागून येणाऱ्या जोडप्यांना त्याचा त्रास होतो.

पुढचं पत्र: माझा मुलगा आणि सून टेक्सासला असतात. त्यांनी नागपूरच्या संस्थेतून दोन वर्षांची मुलगी घेतली, पुढच्या महिन्यात नेणार. आम्ही इकडे सगळी तयारी केली, बारसं करायचं, दोनशे माणसं, हॉलही बघून ठेवला. आता सून म्हणते की आई, आम्ही नागपूरहून थेट दिल्लीला जाणार आणि तिकडे गेल्यावरही पहिले दोन-तीन महिने कुणी येऊ नका, अगदी तुम्हीही. मूल झालं की आजी लागते ना हो? का दत्तक आहे म्हणून आम्हाला लांब ठेवताय, असं माझ्या मनात येतं. मुलाला बोलले तर तो गप्प. काय करू? — एक आजी, अमरावती

काकू, तुमचं पत्र दोनदा वाचलं. राग येणं साहजिक आहे, बाळंतपणाला डिंकाचे लाडू करून पाठवणारी आजी तुम्ही, आणि तुम्हाला दारातच थांबा म्हणतायत. पण सून तुम्हाला लांब ठेवत नाहीये, उलट पोरीला ती दत्तक आहे म्हणून जे लागतं ते देतेय.

कसं ते सांगते. पोटच्या बाळाला नऊ महिने आणि नंतरचे सहा आठवडे कळत असतं की आई कोण, एकच वास, एकच आवाज. म्हणूनच तर आपल्याकडे बाळंतिणीची खोली वेगळी असायची, बाहेरच्यांना सव्वा महिना आत यायचं नाही, आठवतंय ना? सून आता त्याच खोलीत बसायला निघालीये, फक्त बाळ दोन वर्षांचं आहे. या मुलीला आत्तापर्यंत किती हातांनी सांभाळलंय ते मोजता येणार नाही, सकाळच्या मावशी वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, कुणी नोकरी सोडून गेल्या. तिला एवढंच कळलंय की माणसं येतात आणि जातात. ती दोनशे माणसांच्या हॉलमध्ये कुणाच्याही कडेवर जाईल, हसेल, पापा देईल आणि सगळे म्हणतील किती गोड, किती माणसाळलेली. ते माणसाळणं नाहीये हो. आपलं माणूस कोण हेच तिला माहीत नाही म्हणून सगळे सारखे. आधी दोन माणसं पक्की झाली की मग तिसरी आजी.

म्हणून सून म्हणत असेल की भरवायचं आम्हीच, उचलायचं आम्हीच, तर ते ऐका. तेवढ्या काळात तुम्ही काय कराल ते सांगते, रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, पाच मिनिटं, रोज तेच बडबडगीत, तेच लुगडं नेसून बसलात तरी चालेल. तीन महिन्यांनी तुम्ही विमानातून उतराल तेव्हा ती म्हणेल ही फोनमधली आजी. त्या मुलीच्या आयुष्यात तुम्ही रोज येणारं माणूस झालेल्या असाल, आणि रोज येणारी माणसं तिच्याकडे फार कमी आहेत.

बारसं जरूर करा, पण पुढच्या वर्षी ते सुट्टीला येतील तेव्हा, आणि दोनशे नका हो, चाळीस. आणि तिच्यासमोर कुणी "नशीब काढलं पोरीने" किंवा "पुण्य कमावलं तुमच्या मुलाने" म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवायचं काम तुमचं, कारण सुनेने थांबवलं तर ती उद्धट ठरते आणि तुम्ही थांबवलं तर गप्प बसतात सगळे. आम्ही पुण्यात परत आल्यावर ते माझ्या सासूबाईंनी केलं होतं, एका लग्नात, पंगतीत, मोठ्या आवाजात. मी त्यांना आयुष्यभर बाकी सगळं माफ केलं.

डिंकाचे लाडू पाठवा. सुनेला लागतील.

पुढचं पत्र: आम्ही ग्रीन कार्डवर आहोत, कॅलिफोर्नियात. नवऱ्याच्या बहिणीची परिस्थिती बरी नाही, तिचा धाकटा मुलगा पाच वर्षांचा. गेल्या मे महिन्यात साताऱ्याला भटजी बोलावून रीतसर दत्तकविधान केलं, दत्तकपत्र रजिस्टर केलं. आता मुलाचा व्हिसा कसा करायचा? वकील म्हणतात फार अवघड आहे. दत्तकपत्र तर कायदेशीर आहे ना?

वकील बरोबर सांगतायत आणि मला हे लिहिताना वाईट वाटतंय. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे झालेलं दत्तक इथे कायदेशीर असू शकतं, पण मूल परदेशात न्यायचं असेल तर त्याला जिल्हाधिकाऱ्यांकडची पडताळणी आणि कारामार्फतची परवानगी असा वेगळा रस्ता आहे, नुसत्या दत्तकपत्रावर होत नाही. आणि अमेरिकेच्या बाजूने दोन अडचणी. पहिली, हेगचा रस्ता म्हणजे आय-८००ए हा अमेरिकन नागरिकालाच भरता येतो, ग्रीन कार्डवाल्याला नाही. दुसरी, त्या रस्त्याने जायचं तर आधी अर्ज आणि मग दत्तक, तुमचं उलटं झालंय. शिवाय जन्मदाते आईवडील दोघंही हयात असले तर ते मुलाला सांभाळायला असमर्थ आहेत हे दाखवावं लागतं, "परिस्थिती बरी नाही" एवढ्यावर भागत नाही.

मग उरतो तो रस्ता म्हणजे तुमच्यापैकी एकाने मुलाला कायदेशीर ताब्यात घेऊन दोन वर्षं त्याच्यासोबत राहायचं आणि मग त्याच्या व्हिसासाठी पिटिशन करायची. तेही ग्रीन कार्ड सांभाळून, त्यामुळे चांगला इमिग्रेशन वकील गाठा आणि त्याच्याशी बोलल्याशिवाय पुढचा एकही कागद करू नका. नागरिकत्व जवळ आलं असेल तर तेही त्याला सांगा, हिशोब बदलू शकतो.

ज्यांचं अजून व्हायचंय त्यांच्यासाठी: नातेवाईकाचं मूल घेता येतं, बाल न्याय कायद्यात त्याची सोय आहे, पण नातेवाईक म्हणजे काका-आत्या, मामा-मावशी आणि आजी-आजोबा एवढेच. चुलत बहिणीचा, मावसभावाचा मुलगा त्यात बसत नाही. आणि भटजींना शेवटी बोलवा, सगळ्यात आधी नाही.

आणि मुलाला "तू अमेरिकेला जाणार" असं अजून सांगितलं नसेल तर सांगू नका. सांगून झालं असेल तर थोडा वेळ लागेल असं त्याच्या मामीने स्वतः फोनवर सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

पुढचं पत्र: संस्थेने ठेवलेलं नाव बदलावं का? आम्हाला आमच्या आजीचं नाव द्यायचं होतं. मुलगी चार वर्षांची आहे.

चार वर्षांच्या मुलीचं सगळं बदलतंय, घर, देश, खाणं, हवा. नाव तिचं तिच्याकडे राहू द्या. आजीचं नाव मधे घाला, कागदांवर शोभेल, आणि हे ऑर्डरच्या आधी ठरवा कारण नंतर बदलायचं तर वरचा सगळा घोळ परत. सहा महिन्यांच्या बाळाचं वेगळं, पण चार वर्षांची पोर हाकेला ओ देते ती त्याच नावाला.

शेवटचं पत्र: लेक येऊन तीन आठवडे झाले, आम्ही इलिनॉयमध्ये आहोत, ती अडीच वर्षांची. डॉक्टरकडे पहिली भेट झाली, त्यांनी दंडावरचा व्रण बघून विचारलं हे काय. आणि काल डेकेअरमधून फोन आला, तिच्या पाठीवर खाली निळसर डाग आहेत, ते मार लागल्यासारखे दिसतायत, काय झालं म्हणून. मी हादरलेच. काय करू?

घाबरू नका. दंडावरचा व्रण टीबीवरच्या बीसीजी लसीचा आहे, तुमच्या-माझ्याही दंडावर आहे, अमेरिकेत ती लस सहसा देत नाहीत त्यामुळे तिकडच्या डॉक्टरला पटकन ओळखू येत नाही. त्यांना सांगा की टीबीची तपासणी परत करायची तर रक्ताची करा, हातावर टोचून फुगवटा मोजायच्या तपासणीत बीसीजीमुळे चुकीचा पॉझिटिव्ह येऊ शकतो.

पाठीवरचे निळे डाग जन्मखूण आहे, आपल्याकडच्या कितीतरी बाळांना कमरेखाली असते आणि काही वर्षांत फिकी होते. पण ज्यांनी बघितलेली नसते त्यांना ते मुके मार वाटतात आणि डेकेअरला तिकडे कायद्याने रिपोर्ट करावाच लागतो, त्यात त्यांचा दोष नाही. उद्याच डॉक्टरकडे जा, डागांचे फोटो काढून त्यांच्या फाईलमध्ये नोंद करून घ्या, कुठे आहे, केवढा आहे, आणि त्यांचं दोन ओळींचं पत्र डेकेअरला द्या. संस्थेच्या मेडिकल रिपोर्टमध्ये नोंद असेल तर तीही जोडा. त्याच भेटीत शिसं, हिमोग्लोबिन, हिपॅटायटिस, शौचाची तपासणी आणि व्हिटॅमिन डी हेही करून घ्या, राहिलं असेल तर.

आणि एक विचारू? येऊन तीन आठवडे आणि डेकेअर? रजा मिळाली नसेल, मला माहितीये कसं असतं तिकडे, मी दोष देत नाहीये. पण नवरा-बायकोने आलटून-पालटून घरून काम करून, कुणाची तरी अर्धी रजा काढून, बिनपगारी का होईना, अजून दीड-दोन महिने ढकलता आले तर बघा. तिच्या डोक्यात असं आहे की एका मोठ्या खोलीत खूप पोरं आणि सांभाळायला बायका, म्हणजे परत संस्था. अगदीच जमत नसेल तर रोज सोडताना तुमचं काहीतरी तिच्याजवळ ठेवा, ओढणी, रुमाल, तुमचा वास असलेलं, आणि न्यायला रोज तुम्हीच जा, त्याच वेळी, पाच मिनिटंही उशीर नको.